मोटरहोमच्या जनरेटरला कोणते पेट्रोल, कोणते ऑइल?

प्रश्न ठाण्याच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम करून घेतली आहे. मागच्या कप्प्यात तीन केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर बसवला आहे आणि त्यावर छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि बॅटरीचा चार्जर चालतो. दिवाळीपासून मेपर्यंत कोकण, महाबळेश्वर, गोवा असे फिरणे होते, पावसाळाभर गाडी सोसायटीत उभी असते आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाखचा बेत आहे. त्यांनी विचारले आहे: साधे पेट्रोल घालू की प्रीमियम? ऑइल १०डब्ल्यू-३० जाडपणाचे घालू, की मित्र सांगतात तसे मुंबईच्या उकाड्याला २०डब्ल्यू-५०? आणि पेट्रोलऐवजी डिझेलचा जनरेटरच घ्यायला हवा होता का?

आधी उत्तर देतो, मग कारणे. साधे पण ताजे पेट्रोल घाला. ऑइल १०डब्ल्यू-३० घाला. तुमच्या वापराला पेट्रोल जनरेटरच योग्य आहे. पण या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही प्रश्नात ओझरती लिहून गेला आहात, ती म्हणजे पावसाळाभर उभी असलेली गाडी. मुंबईत माझ्याकडे दुरुस्तीला येणारे मोटरहोमचे जनरेटर चालून झिजलेले क्वचितच असतात. बहुतेक उभे राहून बिघडलेले असतात. म्हणून इंधन निवडताना जनरेटर किती चालणार याइतकाच तो किती महिने बंद राहणार याचाही विचार करा.

२०२५ पासून आपल्या पंपांवर मिळणारे साधे पेट्रोल म्हणजे ई-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉलचे तीन गुण जनरेटरवाल्याने लक्षात ठेवायचे. पहिला, त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा-इंधनाचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गाडीच्या इंजिनात सेन्सर असतो, तो हिशेब जुळवून घेतो. जनरेटरच्या साध्या कार्बोरेटरला, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाला, ते जमत नाही. त्याच्या जेटचे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोंडाचे, भोक जेवढे आहे तेवढेच इंधन जाणार. इंजिन थोडे गरम चालते आणि पूर्ण लोडला दमते. दुसरा गुण, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच कामाला पेट्रोल थोडे जास्त लागते. तुमच्यासारखा जनरेटर पूर्ण लोडला ताशी पावणेदोन ते दोन लिटर पितो, त्यात ही भर धरून चाला. तिसरा गुण सगळ्यांत त्रासदायक आहे: इथेनॉल पाणी ओढून घेते. मुंबईच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, टाकीच्या झाकणातून श्वास घेणाऱ्या टाकीत, हे चार महिने चालू राहते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकीचा कॉक नेमका तळातूनच ओढतो.

हे डोळ्यांनी बघायचे असेल तर सोपा प्रयोग आहे. शंभर मिलीचे काचेचे मोजपात्र घ्या. त्यात दहा मिली पाणी घाला, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे सपाट जागी ठेवा. उघड्यावर करा, जवळपास ज्योत किंवा चालू स्विच नको. खालचा थर आधी दहाच्या खुणेवर होता, तो आता सत्तावीस-अठ्ठावीसवर दिसेल. वाढलेले सतरा-अठरा मिली म्हणजे नव्वद मिली पेट्रोलमधून खाली उतरलेले इथेनॉल. प्रीमियमच्या नावाने घेतलेल्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवरही हाच प्रयोग करून बघा. जास्त ऑक्टेन म्हणजे इथेनॉल नाही, असा अनेकांचा समज असतो, तो आपोआप निघून जाईल.

हाच प्रयोग मोठ्या डब्यात करून पेट्रोलमधले इथेनॉल ‘काढून टाकायचे’ आणि उरलेले जनरेटरमध्ये घालायचे, असे सांगणारे व्हिडिओ फिरत आहेत. तसे अजिबात करू नका. इथेनॉल गेले की पेट्रोलचा ऑक्टेनही उतरतो, त्यात पाण्याचा अंश राहतो, आणि खाली उरलेल्या त्या ज्वालाग्राही पाण्याचे करायचे काय हा प्रश्न उरतोच.

प्रीमियम पेट्रोलबद्दल. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ती क्षमता आहे. जनरेटरच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, आठ-नऊच्या आसपास असते. त्याला साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पुरून उरतो. ९५ किंवा १०० ऑक्टेनला मोजलेले जादा पैसे या इंजिनात कुठेच दिसणार नाहीत. तेच पैसे चांगल्या प्लगला आणि नव्या फ्युएल पाइपला लावा.

पाइपचे मुद्दाम लिहितो आहे. तुमच्या जनरेटरचे मॅन्युअल काढून बघा. परदेशातून आलेल्या आणि काही वर्षे जुन्या मॉडेलांच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. अशा जनरेटरला ई-२० घातले म्हणून तो त्या दिवशी बंद पडत नाही, पण रबरी पाइप आतून मऊ पडतो, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, सुईचे टोक फुगते आणि मग गळती सुरू होते. असा जनरेटर असेल तर पाइप, ओ-रिंग आणि सुई इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची बसवून घ्या. बाजारात तिला विटॉन म्हणतात. मुंबईत नागदेवीला किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मागताना ‘ई-२० ला चालणारी’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर साधी काळी पाइप हातात पडते.

आता पावसाळ्यानंतर काय होते ते. ऑक्टोबरमध्ये गाडी येते, मालक सांगतो की दोरी ओढून दंड दुखला, सुरू झाला तरी आवाज वरखाली होतो. आम्ही याला हंटिंग म्हणतो. चोक अर्धा ओढला की जनरेटर शांत चालतो, सोडला की पुन्हा हंटिंग. एवढ्यावरूनच कळते की जेट तुंबला आहे आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे खालची वाटी, खोलला की तळाला पांढरट भुकटी दिसते, ती गंजलेल्या धातूची. पितळी जेटवर पिवळा-हिरवट चिकट थर असतो आणि वास पेट्रोलचा न राहता जुन्या वॉर्निशसारखा येतो. पायलट जेटचे, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचे, भोक उजेडासमोर धरले तरी दिसत नाही, इतके बारीक असते आणि तेच आधी बंद होते. सुई किंवा तार घालून ते कोरू नका. भोक जरासे जरी मोठे झाले तरी जेट कायमचा बिघडला. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब, एवढेच वापरायचे.

हे टाळायला मेच्या शेवटच्या फेरीनंतर अर्ध्या तासाचे काम पुरते. जनरेटरच्या टाकीतले पेट्रोल काढून एखाद्या पेट्रोल वाहनात, शक्यतो ई-२० ला चालणाऱ्या स्कूटरमध्ये, घालून संपवा. कॉक बंद करून जनरेटर सुरू करा आणि तो आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. तेवढ्याने बाऊल पूर्ण रिकामा होत नाही. खाली ड्रेनचा स्क्रू असतो, तो सैल करून उरलेले थेंबही काढा. प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढा म्हणजे ऑइल पसरेल, प्लग लावा आणि दोरी जड लागेल त्या जागी थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही. पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर मिळते, पण ते ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्याच दिवशी घालायचे असते. जुने झालेले पेट्रोल त्याने नवे होत नाही. ज्यांना टाकी रिकामी करणे जमत नाही त्यांनी महिन्यातून एकदा, निम्मा लोड टाकून, दोन तास तरी जनरेटर चालवावा. नुसता पाच मिनिटे भुर्र करून बंद करणे हे न चालवण्यापेक्षा वाईट आहे. कारण ऑइलकडे वळल्यावर सांगतो.

डिझेलचा प्रश्न तुमच्या मनात आला हे रास्त आहे. ट्रॅव्हलर स्वतः डिझेलवर चालते, एकच इंधन, वेगळा डबा नको, आणि डिझेल पेट्रोलइतके पेटके नाही. पण डिझेल जनरेटरला भरपूर लोड लागतो. रात्री एक पंखा, चार दिवे आणि मोबाइल चार्जिंग एवढ्यासाठी तो तासन् तास चालला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरमधून काळे ओशट गळू लागते. शिवाय वजन आणि थरथर जास्त. दोन एसी आणि रोजचा मुक्काम असेल, भाड्याने फिरणारी मोठी कॅराव्हॅन असेल, तर डिझेल घ्या. गाडीच्याच टाकीतून जोडणी करणार असाल तर जनरेटरचा पिक-अप पाइप टाकीच्या तळापर्यंत नेऊ देऊ नका. पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडला पाहिजे, म्हणजे सकाळी गाडी पंपापर्यंत पोहोचेल. आणि पावसाळ्यात डिझेलची टाकी पेट्रोलच्या बरोबर उलट, काठोकाठ भरून ठेवायची. रिकाम्या जागेत दव धरते, डिझेलखाली पाणी साचते आणि त्या सांध्यावर काळी बुळबुळीत बुरशी वाढते. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू सप्टेंबरमध्ये आठवणीने उघडा.

एलपीजीवर चालणाऱ्या जनरेटरचे कार्बोरेटर तुंबत नाही आणि ऑइलही बराच काळ स्वच्छ राहते. तरी बंद गाडीत मी तो सुचवत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो. थंडीत सिलिंडरमधला ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप व्हायला नकार देतो, म्हणजे लडाखमध्ये तो रात्री दगा देणार. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणे बेकायदाही आहे.

आता ऑइल. तुमचा जनरेटर हवेने थंड होणारा, एका सिलिंडरचा आहे. बहुतेक अशा इंजिनांत ऑइलचा पंप नसतो, ऑइल फिल्टरही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो मिनिटाला हजारो वेळा तळातले ऑइल उडवतो आणि त्या तुषारांवर सगळे इंजिन जगते. म्हणून ऑइल किती पातळ आहे याला महत्त्व. २०डब्ल्यू-५० सकाळी थंड असताना जाड राहते, तुषार नीट उडत नाहीत आणि इंजिनाची सगळ्यांत जास्त झीज त्या पहिल्या मिनिटात होते. शिवाय दोरी ओढायला जड. ‘मुंबईच्या उकाड्याला जाड ऑइल’ हा जुन्या, सिंगल ग्रेड ऑइलच्या काळातला सल्ला आहे. १०डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा सांगतो आणि आपल्या हवेला तो पुरतो. पण जनरेटर बंद कप्प्यात असेल, मेमध्ये दुपारभर एसी ओढत असेल आणि ऑइल खात असेल, तर त्या दोन महिन्यांपुरते १५डब्ल्यू-४० घालायला माझी हरकत नाही, मॅन्युअलच्या तक्त्यात ते दिलेले असेल तर. खरा उपाय मात्र कप्प्याला हवेची वाट मोठी करून देणे हा आहे.

डब्यावर ग्रेडशेजारी एपीआयची, म्हणजे अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या दर्जाची, अक्षरे बघा. पेट्रोल इंजिनाला एसजे किंवा त्यापुढची, म्हणजे एसएल, एसएम, एसएन. डिझेल जनरेटरला सीआय-४ किंवा त्यापुढचे १५डब्ल्यू-४०. दुचाकीच्या ऑइलवर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमबी लिहिलेले असते. ती खूण ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी आहे, जनरेटरला तसा क्लच नसतो, त्यामुळे दोन्ही चालतात. म्हणूनच गिअरलेस स्कूटरचे १०डब्ल्यू-३० एमबी ऑइल, एपीआय एसएल दर्जाचे, तुमच्या जनरेटरला उत्तम. कणकवलीपासून कारगिलपर्यंत कुठल्याही स्कूटर मेकॅनिककडे ते मिळते आणि प्रवासात हे फार मोलाचे असते. सिंथेटिक घातले तर चांगलेच, पण ते घातले म्हणून बदलण्याची मुदत वाढवू नका. फिल्टरच नसल्याने घाण ऑइलातच फिरत राहते.

नव्या जनरेटरचे ऑइल पहिल्या २० तासांनी किंवा महिन्याने बदला, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. मोटरहोमवाल्याचे १०० तास कधीच भरत नाहीत, म्हणून तो ऑइल बदलतच नाही. तुम्ही तारखेने चाला: एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या सुमाराला. पावसाळ्याआधीचे टाळू नका, कारण जळालेल्या ऑइलातले आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहते. इंजिन कोमट असताना काढा, म्हणजे गाळ बरोबर येतो. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, ते पुनर्प्रक्रियेला जाते.

पाच मिनिटांच्या भुर्र करण्याचे कारण इथे येते. इंजिन तापायच्या आत बंद केले की जळण्यातून तयार झालेली वाफ आत पाणी होऊन ऑइलात मिसळते, इथेनॉलमुळे ती थोडी जास्तच. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढल्यावर टोकाला दुधाळ चहासारखा थर दिसला तर हेच झाले आहे. डिपस्टिकवर आणखी एक गोष्ट बघायची. पातळी कमी होणे सगळ्यांना कळते, पण न घालताच ती वाढलेली दिसली तर नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची सुई गळते आहे आणि पेट्रोल सिलिंडरवाटे खाली उतरते आहे. असा जनरेटर चालवू नका. सुई बदला, ऑइल बदला, मगच दोरी ओढा. आणि गाडी उतारावर उभी असताना जनरेटर अचानक बंद पडला तर घाबरू नका. ऑइल कमी झाल्याची सूचना देणारा आतला फ्लोट तिरपेपणाने फसतो. आधी गाडी सपाट करा, मग डिपस्टिक बघा. ‘बंद पडतोय’ म्हणून ऑइल वरून ओतत राहणाऱ्यांचा एअर फिल्टर ऑइलने भिजतो आणि निळा धूर सुरू होतो.

लडाखसाठी वेगळी तयारी हवी. दर ३०० मीटर चढाला जनरेटरची ताकद सुमारे साडेतीन टक्के उतरते. महाबळेश्वरला पंधरा-सोळा टक्के, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला चाळीसच्या घरात. म्हणजे तिथे तुमचा तीन केव्हीए निम्म्याहून थोडाच जास्त उरतो, एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र विसरा. हवा विरळ झाल्याने मिश्रण रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होते, आणि प्लग काळा पडतो. ई-२० ने मिश्रण थोडे लीन होत असल्याने तिथे त्याचा उलट फायदाच होतो, पण तो पुरत नाही. मुक्काम लांबचा असेल तर उंचीसाठीचा लहान मेन जेट बसवून घ्या आणि खाली उतरताच जुना जेट परत घाला. लहान जेटवर मुंबईत जनरेटर चालवला तर इंजिन जळेल. डिझेलवाल्यांनी हिवाळ्यात तिथे जाताना साधे डिझेल गोठते हे ध्यानात ठेवावे. इंडियन ऑइलने त्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल २०१९ मध्ये आणले.

जादा पेट्रोल बरोबर न्यायचे तर पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते. भांडे धातूचे, घट्ट झाकणाचे आणि २५ लिटरच्या आतले हवे. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या नकोत. डबा काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडा, घाटातल्या उन्हात पेट्रोल फुगते. टाकी भरताना जनरेटर बंद आणि थंड असला पाहिजे.

आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, जी मी प्रत्येक मोटरहोमवाल्याला सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. रिच मिश्रणात, म्हणजे चोक अर्धा ओढलेला असताना किंवा लडाखच्या उंचीवर, तो आणखी जास्त तयार होतो. तुमचा जनरेटर मागच्या कप्प्यात आहे, त्यामुळे कप्पा आणि राहण्याची जागा यांच्यातले वायरीसाठी पाडलेले प्रत्येक भोक बुजवा. धुराड्याचा पाइप गाडीच्या कडेच्या बाहेर काढा, खिडकीखाली नको. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि जनरेटर चालू ठेवून झोपू नका. रात्रीच्या पंख्याला बॅटरी पुरते, ती संध्याकाळी दोन तास जनरेटर लावून भरून घ्या. तेवढा लोड जनरेटरलाही मानवतो.

ऑइलच्या लिटरच्या बाटलीतून तुमच्या इंजिनात साधारण अर्धा लिटरच जाईल. उरलेले झाकण घट्ट लावून गाडीतच ठेवा, वरखर्चाला तेच वापरा. वाटेत ते संपले आणि दुसऱ्या कंपनीचे १०डब्ल्यू-३० मिळाले तर बेलाशक घाला.